अर्धं धाकटीचं

थोरलीला फुकटचं काही नको असायचं, पण महागाचं तर मुळीच नको असायचं. वस्तूवर छापलेली किंमत म्हणजे दुकानदाराने मारलेली थाप, खरी किंमत वेगळीच असते आणि ती हुडकून काढणं आपलं काम, असं ती मानायची. दिवसभर ती ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात काउंटरवर बसायची. लोकांच्या कोटांवरचे डाग बघून बघून तिला कोणाचंच फारसं कौतुक उरलं नव्हतं. नवरा विजेचे मीटर बसवायचा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं त्याच घरात. म्हणजे खाणारी तोंडं सहा. ती सहा तोंडं कमीत कमी पैशांत कशी भरायची, याचा तिने ध्यासच घेतला होता.

तारीख जवळ आलेलं दही अर्ध्या किमतीत कुठे मिळतं, पावावर संध्याकाळी किती वाजता लाल चिकटपट्टी लागते, हे तिला तोंडपाठ होतं. त्यामुळे शहराबाहेर, टायरच्या कारखान्यापलीकडे, ते मोठं घाऊक दुकान उघडलं तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात तिथे हजर झाली. छताला भिडलेले लोखंडी रॅक, खोक्यातच मांडून ठेवलेला माल आणि पायाखाली थंडगार सिमेंट. लहान असं काही नाहीच. साबण घ्यायचा तर डझनांनी, तेल घ्यायचं तर कॅननी, आणि मिरी घ्यायची तर दोन जन्म पुरेल एवढी. थोरलीचे डोळे चमकले. पण आत शिरायला सभासद व्हावं लागतं आणि त्याची वर्षाची वर्गणी भरावी लागते, हे कळल्यावर तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पैसे खर्च करायला पण पैसे द्यायचे का?" तिने काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

मुलगी सोशिक होती. ती म्हणाली, "एका वर्गणीत दोन कार्डं मिळतात, मावशी. पण दुसरं कार्ड कुटुंबातल्याच माणसाचं हवं."

रांगेत मागे उभी असलेली बाई हे ऐकून एक पाऊल पुढे आली आणि थबकली. थोरलीने वळून पाहिलं. ती तिची धाकटी जाऊ होती.

आता यात घोटाळा असा, की थोरलीचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ यांची बोलाचाली कित्येक वर्षं बंद होती. वडिलांचं घर विकताना काहीतरी बिनसलं होतं. काय बिनसलं ते दोघे भाऊ वेगवेगळं सांगायचे, आणि ज्याचं ऐकावं तो खरा वाटायचा. भावांनी तोंडं फिरवली, म्हणून जावांनीही फिरवली. कोणी सक्ती केली नव्हती, पण संसारात अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

काउंटरवरच्या मुलीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "या तुमच्या कोण?"

"जाऊ," दोघी एकदमच म्हणाल्या.

मुलीने दोघींचे फोटो काढले आणि एकाच कुटुंबाची दोन कार्डं छापून दिली. वर्गणी दोघींनी निम्मी निम्मी भरली. बाहेर पडल्यावर थोरली म्हणाली, "हे बघ धाकटे, घरी बोलायचं नाही. यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

"आमच्या यांना कळलं तर ते घर डोक्यावर नाही घेणार," धाकटी म्हणाली. "नुसते गप्प बसतील. ते जास्त वाईट."

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार त्यांचा झाला. थोरली तिची जुनी गाडी काढायची, धाकटीला बसस्टॉपवरून उचलायची. घरातल्यांना वाटायचं, थोरली एकटी सामान आणायला जाते. धाकटी घरी कपडे दुरुस्त करायची, पँटी आखूड कर, चेन बदलून दे. तिच्या घरी ती गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेल्याचं सांगत असे.

दुकानात थोरली पुढे आणि ट्रॉली ढकलत धाकटी मागे. थोरली किमतीच्या पाटीवरची मोठी अक्षरं बघतच नसे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत किलोमागचा भाव लिहिलेला असतो, तिथे ती नाक लावायची. "हे मोठं पाकीट महाग पडतंय बघ. मोठं दिसलं की माणूस डोळे मिटून उचलतो, तिथेच फसतो." धाकटी "हो का?" म्हणायची. थोरलीला हे "हो का?" फार आवडायचं. तिच्या घरात कोणी असं म्हणत नसे; सून तर ऐकता ऐकता फोन बघायची.

खरी मजा पार्किंगमध्ये. गाडीची डिकी उघडायची, जुनी चादर पसरायची आणि वाटणी करायची. घरून रिकाम्या बरण्या, पिशव्या, कात्री, मार्कर असा सगळा सरंजाम आणलेला असे. नियम थोरलीने घालून दिला होता: एकीने दोन ढीग करायचे आणि दुसरीने आधी उचलायचं, म्हणजे पुढे कुरकूर नको. ढीग थोरली करायची. पीठ इकडे, पीठ तिकडे. टोमॅटोचे डबे सहा इकडे, सहा तिकडे. धाकटीच्या पिशव्यांना ती स्वतःच्या हाताने गाठ मारायची आणि वर मार्करने "धा" लिहायची.

आणि वाटता वाटता बोलणं चालायचं. थोरली बोलायची सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, कोटाच्या खिशात चिठ्ठी सापडलेल्या त्या वकिलाबद्दल. धाकटी मुळात अबोल; पण डिकीत वाकून दोन्ही हात पिठात असले की तीही बोलायची. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता, वर्ष वर्ष घरी यायचा नाही. नवरा मोटार शिकवायच्या शाळेत शिक्षक. दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे घरी आल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. "आमच्याकडे टीव्ही बोलतो," धाकटी एकदा म्हणाली होती. थोरली त्यावर मनापासून हसली. आणि मग चीजचे तुकडे मोजायला लागली.

कोणी विचारलं असतं, तर थोरलीने छातीठोकपणे सांगितलं असतं की हे सगळं पैसे वाचतात म्हणून. तिला तसंच वाटत होतं. गाणं गुणगुणत ती त्या रविवारी घरी येते, हे सुनेच्या लक्षात आलं होतं. तिच्या स्वतःच्या आलं नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली. मग एकदा धाकटीचा जिन्यात पाय मुरगळला. फोनवर ती म्हणाली, "या वेळी मला नाही जमणार. पण माझं अर्धं घ्या हं, ताई. सोडू नका." थोरलीने एकटीनेच खरेदी केली. एकटीने ढीग केले, त्यातला एक धाकटीचा म्हणून बांधला आणि दीर शिकवणीवर असतील अशी वेळ साधून ती तिच्या घरी गेली. या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेल्या दुसऱ्यांच्या पँटी. दार उघडून धाकटी लंगडत पुन्हा पलंगावर जाऊन बसली, पाय उशीवर. "तिथेच ठेवा, ताई. मी लावेन नंतर."

"तू काय लावतेस, पाय बघ केवढा सुजलाय," असं म्हणत थोरली स्वयंपाकघरात गेली आणि तिने कपाट उघडलं.

कपाटात जागाच नव्हती. वरपासून खालपर्यंत पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीवर "धा". पीठ, तांदूळ, मका, साबण. गाठी तिच्याच हातच्या, जशाच्या तशा. दुसरं कपाट उघडलं, तेही भरलेलं. ओट्याखाली टोमॅटोच्या डब्यांची रांग. मागच्या डब्यांवर धूळ बसलेली. मशीनखालच्या खोक्यात कपडे धुण्याची पावडर. पलंगाची चादर जरा वर केली तर खाली तेलाचे कॅन. तीन वर्षांतलं बहुतेक सगळं होतं तिथे.

"अगं, हे काय? दुकान काढतेस की काय?"

धाकटी हसली. चोरी पकडल्यावर लहान मुलं हसतात तसं.

"लागतं कधीतरी."

"काय लागतं? दोनच माणसं तुम्ही! भावजी तर चिमणीएवढं खातात, तूच सांगतेस. यातल्या निम्म्या पिठाला किडे लागले असतील. अगं, आपण पैसे वाचवायला जातो की घालवायला?" थोरलीचा आवाज चढला. तिला खरंच राग आला होता. तिने एवढ्या कष्टाने किलोमागे जे वाचवलं होतं, ते सगळं या बाईने पलंगाखाली कुजवलं होतं. "मग घेतेस कशाला दर महिन्याला?"

धाकटीने उशी जरा सारखी केली. "तुम्ही अर्धं करता ना," ती म्हणाली. "मग दुसरं अर्धं कोणीतरी घ्यायला नको का?"

थोरलीला हे उत्तर वेडगळ वाटलं. पुढे कित्येक दिवस ते तिला अंथरुणात, काउंटरवर, सिग्नलला उभं असताना आठवत राहणार होतं; पण त्या वेळी वेडगळच वाटलं. ती तणतणत किडकं पीठ वेगळं काढू लागली.

"ताई," धाकटी म्हणाली, "कुणाला सांगू नका हं. मी शिवणाच्या पैशातून घेते. यांना माहीत नाही. कपाटात, पलंगाखाली हे कधी बघत नाहीत."

"मी कशाला सांगतेय? मला काय वेड लागलंय?"

हे तिने अगदी मनापासून म्हटलं होतं. पण थोरलीच्या तोंडाला कुलूप फार काळ टिकत नसे. तरी ती नुसती जीभ सैल सुटली म्हणून बोलली असती, तर तिने पुढे स्वतःला माफही केलं असतं. झालं ते त्याहून वाईट.

दोन दिवसांनी जेवताना नवऱ्याने विचारलं, "रविवारी तुझी गाडी त्या शाळेच्या मागच्या गल्लीत कशी काय उभी होती? आमच्या ऑफिसातल्या एकाने बघितली."

त्या गल्लीत कोण राहतं, हे टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. सुनेने घास तोंडाजवळ थांबवला. मुलाने मान खाली घातली.

"तू त्याच्या घरी गेली होतीस?"

आणि थोरलीने, दुसरं काहीच न सुचल्यामुळे, गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"अहो, ऐका तर खरं. गंमतच झाली." तिने पाय मुरगळल्याचं सांगितलं, जावेला दोन वस्तू पोचवायला गेल्याचं सांगितलं, आणि घाईघाईने कपाटापाशी आली. तीन वर्षांचे रविवार तिने गाळले. कपाट मात्र रंगवून रंगवून सांगितलं. साबण छतापर्यंत नेला. तेलाचे कॅन इतके केले, की त्यांच्यावर पलंग तरंगत होता. "भावजी बिचारे रात्री झोपतात ते तांदळाच्या पोत्याला मिठी मारून! आणि शेठाणी आपल्या मध्ये बसल्यात, पाय वर करून!"

नवऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग तो हसला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भावाच्या घरातली फजिती त्याला अशी काही गोड लागली की गाडी तिथे का उभी होती हे तो विसरूनच गेला. थोरलीचा जीव भांड्यात पडला. नातवंडं "शेठाणी, शेठाणी" करत टाळ्या वाजवू लागली. तिला त्या क्षणी आपण सुटलो एवढंच वाटलं. कोणाला पुढे करून सुटलो, ते नाही वाटलं.

महिनाभरात चुलतसासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस आला. एका हॉलमध्ये दुपारचं जेवण होतं, सगळे नातेवाईक जमले होते. दोघे भाऊ नेहमीप्रमाणे हॉलच्या दोन टोकांना. पण लांबच लांब टेबलावर बसायची वेळ आली तेव्हा कोणीतरी मुद्दाम किंवा वेंधळेपणाने दोघांना समोरासमोर बसवलं. थोरलीच्या नवऱ्याने ग्लासातलं पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलला.

"काय रे, दुकान कसं चाललंय? साबणाचा भाव काय सध्या?"

भावाला काही कळेना. "कसलं दुकान?"

"अरे, तुझ्या पलंगाखालचं! आमच्या हिने पाहिलंय सगळं. शेठाणींना विचार."

टेबलावर हशा पिकला. गोष्ट सुनेच्या माहेरापर्यंत पोचलेली होती, त्यामुळे निम्म्या लोकांना ती ठाऊकच होती. दीर बायकोकडे बघू लागला. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने ताटातून डोळे वर केले आणि सरळ थोरलीकडे पाहिलं.

आणि थोरली हसत होती. शेजारची नणंद तिच्या दंडाला धरून हसत होती, सगळं टेबल हसत होतं, आणि थोरलीही. ते हसू तिने आवरेपर्यंत धाकटीने नजर खाली घेतली होती. आपण सांगितलं ते सांगितलं, पण ती बघत असताना हसलो, हे थोरलीच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही.

त्या संध्याकाळी दिराचा फोन आला. फोन थोरलीला नव्हता, भावाला होता. तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडत असावा. थोरलीचा नवराही ओरडला. साबणावरून सुरुवात झाली, पण पाचच मिनिटांत गाडी वडिलांच्या घरावर आली, मग वडिलांवर, मग लहानपणी कोणी कोणाची सायकल मोडली यावर. थोरली दाराशी उभी राहून ऐकत होती. बऱ्याच वेळाने आवाज उतरला. मग नवरा म्हणाला, "बरं, ये मग रविवारी. बसून बोलू."

आणि दोघे भाऊ बोलायला लागले! इतक्या वर्षांचा अबोला एका भांडणात निघाला. दोघेही हलके झाले, दोघेही दहा वर्षांनी लहान दिसू लागले. नवरा जो भेटेल त्याला सांगू लागला, "आमच्या हिच्या गोष्टीने जमवलं सगळं. नाहीतर आम्ही दोघं असेच मेलो असतो." थोरलीचं इतकं कौतुक त्या घरात कधी झालं नव्हतं. ते ऐकताना तिला तोंड कुठे लपवावं हे कळत नसे.

कारण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बसस्टॉपवर गाडी उभी करून थांबली, तेव्हा धाकटी आली नाही. दोन बस गेल्या. मग थोरलीने फोन केला.

"ताई, मला काही लागत नाही आता," धाकटी म्हणाली. "यांनी सगळं काढून अनाथाश्रमात देऊन टाकलं. चांगलं होतं तेवढं." आवाजात राग नव्हता. थोरलीने दोन शिव्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

मग ती सुनेला घेऊन जाऊ लागली. सून चलाख होती, फोनवरून आधीच सगळं ठरवून यायची. सामान गाडीत टाकून अर्ध्या तासात दोघी परत. पैसे पहिल्यापेक्षा जास्तच वाचले. मोठं पाकीट आख्खंच्या आख्खं घरी यायचं, आणि सहा तोंडांना ते पुरायचंही. अर्धं कोणाला द्यायची गरज म्हणून कधी नव्हतीच, हे थोरलीला तेव्हा कळलं. पहिल्याच वर्षी तिने हा हिशेब केला असता तर तिलाही तो दिसला असता. किलोमागचा भाव काढणाऱ्या बाईने तो तीन वर्षं कसा केला नाही? केला नाही, कारण तिलाही करायचा नव्हता. धाकटी पीठ कुजवत होती, आणि ही ते वाटत होती. दोघी एकच गोष्ट विकत आणायला जात होत्या. धाकटीला ते ठाऊक होतं, थोरलीला नव्हतं, एवढाच फरक.

धाकटी भेटत नव्हती असं नाही. आता तर दोन्ही घरांचं येणंजाणं उघड सुरू झालं होतं. भाऊ एकमेकांकडे जेवायला जात, आणि दारातच थोरलीचा नवरा हात पसरून म्हणायचा, "या शेठाणी! आज काय माल आणलात?" सगळे हसायचे. दीरसुद्धा हसायचा, भाऊ परत मिळाल्याच्या आनंदात त्याला त्यातलं काही टोचत नव्हतं. नातवंडं तर तिला शेठाणी आजीच म्हणत. धाकटीही हसायची, चप्पल काढायची, आत येऊन थोरलीला विचारायची, "काही मदत करू का, ताई?" कांदा चिरून द्यायची, ताटं पुसायची. स्वयंपाकघरात दोघीच असल्या तरी कांद्याविषयीच बोलायची. थोरलीने एकदा वकिलाची नवी गोष्ट काढली. धाकटी म्हणाली, "हो का?" आणि नळ सोडला. तेच शब्द होते, पण थोरलीच्याने पुढे बोलवेना.

"यांना सांग ना, तिला तसं म्हणू नका म्हणून," एकदा ती मुलाला म्हणाली.

"अगं, प्रेमाने म्हणतात बाबा," मुलगा म्हणाला. "काकूला काही वाटत नाही. तीच हसते की."

शेवटी एका दुपारी काउंटरवर बदली माणूस बसवून थोरली एकटीच धाकटीकडे गेली. हातात काही घेतलं नव्हतं. घ्यावंसं वाटलं होतं, पण काय घेऊन जाणार? जिने चढताना तिने चार वाक्यं मनात तयार केली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चारही विसरली.

धाकटी मशीनवर होती. तिने थोरलीला खुर्ची दिली, चहा ठेवला. चांगल्या कपात दिला, बशीसकट. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत पाव किलो तांदळाची पिशवी, एक साबण, दोन डबे. खालच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून धाकटी रोजचं रोज आणत असावी.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. "तू सांगितलं होतंस सांगू नका, आणि मी सांगितलं. स्वतःची मान सोडवायला तुला पुढे केलं."

"जाऊ द्या, ताई."

"जाऊ कसं देऊ? मला चैन पडत नाही. कुठे पाकिटाचा भाव बघायला वाकले, की मागे वळून बघते, तू आहेस का म्हणून."

धाकटीने दाताने धागा तोडला. "तुमच्या पोटात काही राहत नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं तेव्हाच मला वाटलं होतं, जाणार हे कुठेतरी." तिने पँट उलटी करून शिवण बघितली. "तुम्ही हसलात, ताई. मला वाटलं, निदान तुम्ही हसणार नाही."

चहावर साय धरली. मग तिने ते मागितलं, जे मागायला ती खरं तर आली होती.

"रविवारी चल ना. काही घेऊ नकोस. एक साबणसुद्धा घेऊ नकोस. नुसती चल माझ्याबरोबर."

धाकटीने पँट मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, असं थोरलीला वाटलं. निदान तिने पुढे आयुष्यभर तसं धरून ठेवलं. "नुसतीच तर येत होते," धाकटी म्हणाली. ती आणखी काही बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिने.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. दीर आत आला, वहिनीला पाहून त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, वहिनी! आज इकडे कशी वाट चुकलात?" बायकोच्या खांद्यावर थाप मारून तो हसत म्हणाला, "काय शेठाणी, वहिनींना काही माल दाखवलात की नाही?"

"भावजी, तिला तसं म्हणू नका," थोरली म्हणाली. आवाज जरा चढलाच तिचा. "मला नाही आवडत ते."

दीर गोंधळला. मग मोकळेपणाने हसला. त्याच्या मनात काडीचाही वाईटपणा नव्हता. "अहो वहिनी, नाव तर तुम्हीच ठेवलंत!"

धाकटीने पँटीची घडी घातली, ती बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि उठून थोरलीच्या हातातला कप घेतला.

"बसा ना वहिनी, मी आत्ताच आलोय," दीर म्हणत होता. "जेवूनच जा."

"नाही, नका थांबवू," धाकटी म्हणाली. "निघाल्याच आहेत त्या."

थोरली उठली, चपला घातल्या. दीर सोडायला खालपर्यंत आला, दादाची तब्येत कशी आहे विचारत होता. बरी आहे, असं तिने सांगितलं.